माशांच्या रोगाची पाहणी: निघण्याआधी

पाऊस ओसरून पाणी निवळलं की गोव्यात सत्तरीच्या ओहोळांत, डिचोलीच्या तळ्यांत अंगावर लाल व्रण पडलेले मासे दिसू लागतात. हा व्रणरोग, म्हणजे ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम), 1971 मध्ये जपानात नोंदला गेला आणि 1988 मध्ये भारतात आला. अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव त्याचं मूळ, आणि मरळ त्याला पहिली बळी पडते. म्हणून मरळ मिळेल अशीच जागा निवडा. तिलापियाला हा रोग सहसा होत नाही. नुसत्या तिलापियाने भरलेलं जाळं पाहून ‘इथे काही नाही’ असं लिहिणं म्हणजे शुद्ध धूळफेक.

म्हादई अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याचं पत्र आधी, तेही छापील. पागेर, म्हणजे फेकजाळं, टाकणारा तिथलाच धरावा. त्याला रोगाबद्दल विचारलंत तर तो पडला मासळी विकणारा माणूस, नकारार्थी मान हलवून मोकळा होईल. ‘फेकून दिलेले मासे कुठले?’ असं विचारा.

किती मासे तपासायचे हे घरीच ठरवा. शंभरात पाच मासे आजारी असतील तर त्यातला एक तरी हाती लागण्याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर साधारण 60 मासे पाहावे लागतात. शंभरात दोनच असतील तर 150. वहीत निरोगी माशांची संख्याही लिहायचीच. बहुतेक वह्यांत नेमकी तीच नसते, मग व्रणांच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पेटीत रुंद तोंडाच्या बरण्या आणि नमुना टिकवणारं 10 टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट. तुकडा व्रणाच्या कडेचा, थोडं चांगलं मांस धरून, अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. पीसीआरसाठी, म्हणजे डीएनए तपासणीसाठी, वेगळ्या नळीत अल्कोहोल. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका, अल्कोहोलमध्ये पेनाची शाई पसरते. मासा मरून फुगलेला नको, कल्ले हलवणारा हवा. बर्फात ठेवा, गोठवू मात्र नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही.

पायात गमबूट हवेतच, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. कुंभारजुवे कालव्याकडे जाणार असाल तर मगरींचीही. संशयाची जागा शेवटी ठेवा, आणि दुसऱ्या पाण्यात उतरण्याआधी जाळं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. प्रयोगशाळेला आदल्या दिवशी फोन करून नमुने कोण घेणार, हे विचारून ठेवा.