रडार चार्टप्लॉटरला जोडताय? या चुका टाळा

‘बोटीवरचं रडार बिघडलंय, येऊन बघा,’ असा निरोप आला की मी पिशवीत आधी मल्टिमीटर टाकतो. रडार क्वचितच बिघडलेलं असतं. बिघडलेली असते ती जोडणी, तीही त्याच त्याच ठिकाणी. वर्षानुवर्षं हेच बघतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक हेडिंगची, म्हणजे बोटीचं तोंड कोणत्या दिशेला आहे त्याची. रडारला उत्तर-दक्षिण काही कळत नाही. समोरची वस्तू नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, किती अंशांवर आहे आणि किती लांब आहे, एवढंच त्याला कळतं. ते चित्र चार्टप्लॉटरच्या स्क्रीनवरच्या सागरी नकाशावर बसवायचं तर बोटीचं तोंड कुठे आहे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. ते काम हेडिंग सेन्सरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंपासचं. तो खर्च वाचवायला लोक जीपीएसवर भागवतात. पण जीपीएस सांगतो ती बोट सरकण्याची दिशा, तोंडाची नव्हे. वाऱ्याने किंवा प्रवाहाने बोट आडवी जात असेल तर दोन्हींत मोठा फरक पडतो, आणि बोट थांबली की जीपीएसची दिशा वाटेल तशी भरकटते. म्हणजे धुक्यात वेग कमी केला, रडारची खरी गरज पडली, की नेमकं तेव्हाच चित्र नकाशावरून घसरतं. सेन्सर घ्याच, आणि सेकंदाला १० वेळा हेडिंग पाठवणारा घ्या. त्याहून हळू पाठवणारा असला की वळताना चित्र मागे रेंगाळतं.

सेन्सर लावला की काम संपलं, असंही नाही. एका बोटीवर मला तीन खेपा घालाव्या लागल्या. मालकांची तक्रार अशी, की नकाशावरचा धक्का आणि रडारवरचा धक्का जुळत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसून त्यांनी स्वतःच बेअरिंग अलाइनमेंटचा (रडारचं चित्र काही अंश फिरवायच्या सेटिंगचा) आकडा बदलून दोन्ही जुळवलं होतं. बाहेर पडून वळले की पुन्हा तिरकं. मग पुन्हा आकडा बदलायचा. पहिल्या दोन खेपांत मी केबल, नेटवर्क, सॉफ्टवेअर सगळं तपासलं, कुठेच काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी सेन्सर बघायला बर्थखाली वाकलो, तर पातळ प्लायच्या पलीकडे, शेजारच्या कप्प्यात, लोखंडी हत्यारांची पेटी. मालकांना प्लॉटरसमोर उभं केलं, हेडिंगचे अंश मोठ्याने वाचायला सांगितले आणि पेटी हळूहळू बाहेर ओढली. सुरुवातीला २१४. पेटी दारापाशी आली तेव्हा २०३. बोट दोरांनी घट्ट बांधलेली, जागची हललीसुद्धा नव्हती.

एका सागरी मैलावर एका अंशाची चूक म्हणजे साधारण ३२ मीटर. ११ अंश म्हणजे साडेतीनशे मीटरच्याही वर. रात्रीच्या वेळी एवढ्या अंतरात खडक आणि खोल पाणी यांची अदलाबदल होते. शिवाय लोखंडामुळे येणारी चूक बोटीच्या प्रत्येक दिशेला वेगळी असते, त्यामुळे एका दिशेला जुळवलेला आकडा दुसऱ्या दिशेला चुकणारच. अलाइनमेंट असतं ते वर अँटेना किंचित तिरकी बसली असेल तर तेवढ्यापुरतं. कंपासची चूक त्याने झाकायची नसते.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी सेन्सरजवळचं लोखंड, स्पीकर आणि जाड डीसी वायर हलवायच्या. मग शांत पाण्यात सावकाश गोल फेऱ्या मारून कॅलिब्रेशन करायचं. ते झाल्यावर रडार हेड-अपमध्ये (बोटीचं तोंड स्क्रीनवर वर राहील असं) ठेवून दूरचा एखादा सुटा बोया बरोब्बर नाळेसमोर धरायचा आणि तो स्क्रीनवर हेडिंग लाइनवर येईपर्यंत अलाइनमेंटचा आकडा बदलायचा. याला अर्धा दिवस जातो. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांचं ते कधीच होत नाही, हे मी खूप बघितलंय.

दुसरी चूक वायरची. रडार डोलकाठीवर, बॅटरी खाली, आणि मधे घरात शिल्लक राहिलेली दीड एमएमची वायर. अंतर १५ मीटर असेल तर करंट जाऊन परत येतो, म्हणजे हिशेब ३० मीटरचा करायचा. ४ अँपिअरला दीड एमएमच्या तांब्यात जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२.४ दाखवतंय म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि वर रडारला मिळतात ११. मग स्टँडबायला ठीक चालतं, ट्रान्समिट दाबलं, लहरी सोडायला लागलं, की बंद पडतं, आणि दोष रडारला. तिथे सहा एमएमची कलई केलेली वायर टाका, घट ३ टक्क्यांच्या आत राहते. मोजायचं ते रडारच्या टोकाला आणि ट्रान्समिट चालू असताना, पण त्या वेळी अँटेनाच्या समोर कुणी असता कामा नये. मीटर लावून तुम्ही बाजूला व्हा, बटण खालच्या माणसाने दाबायचं. इतर कामासाठी वर चढणार असाल तर ब्रेकरच पाडा. यात मी कुणाचंही ऐकत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

एनएमईए २०००, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं नेटवर्क, त्याचा वेग सेकंदाला २५० किलोबिट. त्यावरून हेडिंग जातं, रडारचं चित्र नाही. चित्राला इथरनेट लागतं, काही रडारांत वाय-फाय. प्लग बसला म्हणून एका कंपनीचं रडार दुसऱ्या कंपनीच्या प्लॉटरवर चालेल असं समजू नका, विकत घेण्याआधी सुसंगततेची यादी वाचा.

या नेटवर्कच्या बॅकबोनच्या, म्हणजे मुख्य केबलच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रेझिस्टर) हवेत, दोनच. पॉवर बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मोजा. ६० च्या आसपास आलं तर बरोबर, १२० आलं तर एक गायब, ४० आलं तर कुणीतरी तिसरा लावलाय.

भोकातून जात नाही म्हणून रडारच्या केबलचा प्लग कापू नका. भोक मोठं करा. कापून जोडलेल्या केबलमध्ये खारं पाणी शिरतं, आणि चित्र अधूनमधून जायला लागलं की कारण शोधता शोधता हंगाम निघून जातो.

आणि सगळं जुळूनही अगदी छोट्या रेंजवर सरळ धक्का कमानीसारखा वाकलेला दिसत असेल, तर सेटिंगमधलं शून्य अंतर चुकलंय. बोट धक्क्याजवळ थांबवा, सर्वांत लहान रेंज लावा आणि कड सरळ होईपर्यंत ते हळूहळू फिरवत राहा.