‘पर्यंत’ने केलेला घात, म्हणजे बाय, अंटिल आणि साठ पेट्या

आपल्याकडची मराठी मिडियमची पोरं-पोरी हल्ली आंब्याच्या ऑफिसात, होमस्टेला, काजूच्या युनिटला डेस्कवर लागतात आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, जरा तो मेल टाक. त्यांच्यासाठी लिहितेय. ग्रामर शिकवणार नाही, ते तुम्हाला येतं, मलाही येत होतं, बारावीला इंग्रजीत बरे मार्क होते. मार ग्रामरमध्ये बसत नाही, जे शब्द आपल्याला येतात असं आपण धरून चालतो ना, तिथे बसतो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. वहीला मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. अंटिल समोर लिहिलं ‘पर्यंत’. बाय समोर लिहिलं ‘ने, कडून’, कारण तेव्हा पॅसिव्ह व्हॉइस चालू होता. झालं. पर्यंत आलं की अंटिल, हे डोक्यात जे बसलं ते वीस-पंचवीस वर्षं हललं नाही.

२०२२ चा सीझन. देवगडजवळच्या एका बागायतदारांकडे मी ऑफिस बघत होते. पुण्याच्या एका कंपनीची ऑर्डर आली, स्टाफला वाटायला साठ पेट्या, पाच-पाच डझनाच्या. अक्षय तृतीया त्या वर्षी ३ मेला होती, म्हणून माल एप्रिलमध्येच हवा. त्यांचा माणूस फोनवर ओझरतं म्हणाला होता की थोडा थोडा आला तर बरं, आमच्या चार ब्रँच आहेत. मी म्हटलं बघते आणि विसरले. मग कन्फर्मेशनच्या मेलमध्ये लिहिलं, ‘वुई विल डिलिव्हर ऑल सिक्स्टी बॉक्सेस अंटिल ३० एप्रिल.’ माझ्या मनात काय, तर तीस तारखेपर्यंत सगळ्या पेट्या पोचवतो. त्याने काय वाचलं, तर आत्तापासून तीसपर्यंत डिलिव्हरी चालू राहील, म्हणजे टप्प्याटप्प्यानेच येणार, त्याला हवं होतं तस्संच! त्याने ब्रँचवाल्यांना तारखा देऊन टाकल्या. अठरा एप्रिलला फोन, पहिला लॉट कुठाय? कसला लॉट? आमचा माल तर अजून झाडावर.

शेवटी २९ तारखेला साठच्या साठ पेट्या एका टेम्पोने गेल्या. मीटिंग रूममध्ये थप्प्या लागल्या, एसी बंद, आणि हापूस तुम्हाला माहीत आहे, एका काढणीचा माल एकदम पिकतो. आठवड्याने रूमचं दार उघडलं की लिफ्टपर्यंत वास, असं तो माणूस मला म्हणाला आणि हसत नव्हता. वीस पेट्यांचे पैसे कापले गेले. मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, एवढंच म्हणाले, ‘गो बाये, पेटये सगळे एकदम कित्याक धाडलंस?’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी.

आता नीट बघा, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पैसे देतो’, दोन्हीकडे पर्यंतच. थांबणं चालू राहतं, देणं एकदाच होतं, हा फरक आपल्याकडे क्रियापद सांभाळतं म्हणून पर्यंतला काही पडलेली नसते. इंग्रजीत तो फरक त्या छोट्या शब्दावर आहे. काम चालू राहून त्या वेळेला संपणार असेल तर अंटिल, ‘आय विल वेट अंटिल फ्रायडे’. काम एकदाच होणार आणि त्या वेळेच्या आत कधीही होणार असेल तर बाय, ‘आय विल पे बाय फ्रायडे’. ‘वेट बाय फ्रायडे’ चूक. ‘फिनिश अंटिल फ्रायडे’ हेही चूक, आणि हे तर मी आजही लोकांच्या मेलमध्ये रोज बघते.

मी एक युक्ती करते. मराठी वाक्यात पर्यंतच्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून बघायचं. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पैसे देतो’, बसलं, म्हणजे बाय. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांबतो’, हे काय बोलणं झालं, म्हणजे अंटिल. त्या दिवशी ही दोन सेकंदांची परीक्षा केली असती तर वीस पेट्या वाचल्या असत्या.

आणि जी क्रियापदं दोन्हीकडे चालतात तिथे जास्त जपा. डिलिव्हर, सेंड, टेक ऑर्डर्स. पाठवणं एकदाच होऊ शकतं, चालूही राहू शकतं, त्यामुळे तुमचं वाक्य चूक दिसतच नाही, फक्त समोरच्याला भलताच अर्थ पोचतो. माझं नेमकं हेच झालं. चुकीचं इंग्रजी असतं तर त्याने उलट विचारलं असतं! शिवाय अंटिल ३० म्हटलं की तीस तारीख धरायची की नाही यावरून पण वाद होतात, म्हणून मी आता डेडलाइनला सरळ ‘ऑन ऑर बिफोर’ लिहिते. सरकारी वाटतं, वाटू दे.

याचाच भाऊ म्हणजे ‘दोन दिवसांत’. आपण ‘इन टू डेज’ लिहितो, समोरचा बहुतेक वेळा समजतो दोन दिवसांनी. आत म्हणायचं असेल तर विदिन. बस.

घाबरू नका पण. आमच्या ओळखीच्यांच्या तारकर्लीच्या होमस्टेला एक जर्मन बाई राहायची, ती पण ‘आय नीड द बिल अंटिल टेन’ म्हणायची, कारण त्यांच्या भाषेत पण दोन्हीला एकच शब्द आहे. तिला कोणी हसलं नाही. आपल्यालाही फार कोणी हसत नाही, पैसे मात्र कापतात.

बाकीचे शब्द भराभर सांगते. सावली म्हणजे शेड पण आणि शॅडो पण. पेट्या ऊन लागू नये म्हणून ठेवायच्या त्या शेडमध्ये, शॅडो ही माणसाची किंवा माडाची पडलेली आकृती. आठवण आपली आपल्याला झाली तर रिमेंबर, दुसऱ्याला करून दिली तर रिमाइंड, ‘प्लीज रिमेंबर मी अबाउट पेमेंट’ असं लिहू नका. उसने क्रेट आपण घेतले तर बॉरो, दिले तर लेंड. शंका विचारायची असेल तर क्वेश्चन म्हणा, बाहेरच्या देशातल्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की त्याला वाटतं आपला त्याच्यावर विश्वास नाही.

आंब्यातल्यांनी ‘कच्चा’ जपून वापरा. आपण चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग तयार झालेला आंबा पाठवतो, गिऱ्हाइकाच्या घरी तो पेंढ्यात पिकतो. हे सांगायला मी एकदा ‘रॉ मँगोज’ लिहिलं तर बंगळुरूच्या बाईंचा मेल, मला लोणचं घालायचं नाहीये. रॉ मँगो म्हणजे त्यांच्या लेखी कैरी. तयार म्हणजे मॅच्युअर, पिकलेला म्हणजे राइप, आणि तयार असून पिकायचा बाकी असेल तर ‘मॅच्युअर बट नॉट यट राइप’ असं लांबलचक लिहावंच लागतं. आणि साका, म्हणजे आंबा आतून पांढरट, भुसभुशीत निघतो तो दोष, डिक्शनरीत शोधत बसू नका, त्याला स्पाँजी टिश्यू म्हणतात, मी अर्धा दिवस घालवलाय त्यात.

क्लासबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगते. तीन महिने फी भरून मला ‘एकसारखे दिसणारे १०० शब्द’ असा लॅमिनेट केलेला कागद मिळाला, म्हणजे परत तीच मधोमध रेघ. ट्रान्सलेट अ‍ॅप पूर्ण वाक्य दिलं तर बऱ्यापैकी काम करतं, पण आपण एकटा शब्द टाकतो आणि पहिला अर्थ उचलतो. मला उपयोग झाला तो आमच्या वाडीतल्या रिटायर्ड बाईंचा. त्या अर्थ कधी सांगायच्याच नाहीत. म्हणायच्या, तीन वाक्यं कर, मग बघू. वैताग यायचा. पण अशी एक बाई, नाहीतर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असते ती इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, फुकट ऑनलाइन मिळते, एवढं पुरतं. तिच्यात अर्थ वाचू नका, खालची उदाहरणं वाचा.

काका अजून मेलच्या विरोधातच आहेत. परवा मी एक कन्फर्मेशन तिसऱ्यांदा वाचत बसलेली बघून म्हणाले, ‘फोन करूक काय झाला तुका?’ केला फोन. पलीकडचा म्हणाला, मॅडम, मेलवर टाका ना.