डिझेल मोटरहोमच्या डीईएफ टाकीसाठी राखीव सेन्सर: बांधणी आणि चाचणी

देशात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचे बीएस-6 मानक लागू झाले आणि निळ्या झाकणाच्या टाकीत भरायचे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ, मोटरहोम बाळगणाऱ्या अनेकांच्या खर्चाच्या वहीत येऊन बसले. ड्रायव्हर मंडळी त्याला सरसकट ‘युरिया’ म्हणतात आणि ते चुकीचेही नाही, कारण त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी निर्खनिज पाणी असते. गरम धुरात फवारल्यावर त्यातून अमोनिया तयार होतो आणि एक्झॉस्टमधल्या एससीआर उत्प्रेरकावर (धूर शुद्ध करणाऱ्या भागावर) तो नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन व वाफेत करतो. टाकीतला सेन्सर द्रवाची पातळी, तापमान आणि बहुतेक गाड्यांत प्रतही मोजतो. तो बिघडला, तर टाकी भरलेली असूनही इंजिनाचा संगणक आधी इशारा देतो आणि पुढे इंजिनाची ताकद कमी करतो. 2021 मध्ये जगभर चिपची टंचाई असताना अमेरिकेत या सेन्सरच्या सुट्या भागांअभावी अनेक डिझेल मोटरहोम अडकून पडली होती.

मूळ सेन्सरशिवाय टाकीची पातळी दाखवणारे हे राखीव उपकरण मला करावेसे वाटले ते कशेडी घाटाच्या अलीकडे आलेल्या अनुभवामुळे. आदल्या संध्याकाळी पनवेलला दहा लिटर डीईएफ भरलेले असताना डॅशबोर्डवर टाकी रिकामी असल्याचा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन टाकीच्या मागून टॉर्च धरली, तर पांढुरक्या प्लास्टिकमधून द्रवाची रेघ अर्ध्याच्या बरीच वर स्पष्ट दिसत होती. नंतर गॅरेजमध्ये सेन्सरचा कनेक्टर उघडला, तेव्हा एका पिनेभोवती मिठासारखे पांढरे स्फटिक जमलेले आढळले. डीईएफ तारेच्या आवरणातून हळूहळू वर चढते आणि सुकले की असेच स्फटिक मागे ठेवते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. या लेखातील राखीव सेन्सर इंजिनाच्या संगणकाला कोठेही जोडायचा नाही. मूळ सेन्सरच्या जागी ‘सर्व ठीक आहे’ असा बनावट संदेश पाठवणारी उपकरणे मिळतात, परंतु त्यांच्यामुळे डीईएफ संपले तरी गाडी धावत राहते आणि न शुद्ध झालेला धूर रस्त्यावर सोडते. शिवाय वाहनात असा फेरफार करणे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 च्या विरोधात जाते. आपल्याला हवा आहे तो दुसरा साक्षीदार, खोटा साक्षीदार नव्हे. त्याने टाकीची खरी स्थिती आपल्याला सांगावी, एवढेच त्याचे काम.

सामान ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते. प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड, टाकीच्या भिंतीबाहेरून द्रव ओळखणारे एक्सकेसी-वाय25 जातीचे तीन कपॅसिटिव्ह सेन्सर, पोलादी टोपणातला डीएस18बी20 तापमान सेन्सर, छोटा एलसीडी, बझर, 5 व्होल्ट देणारा एलएम2596 कन्व्हर्टर, एक अँपिअरचा फ्यूज, विजेचे झटके रोखणारा 24 व्होल्टचा टीव्हीएस डायोड, काही रोधक आणि केबल ग्लँड (तार आत घेणारी घट्ट बुचे) असलेली जलरोधक डबी एवढे पुरते. पातळीचे सेन्सर घेताना संवेदनशीलता बदलण्याचा बारीक स्क्रू असलेलेच मागावेत, कारण पुढे सगळी भिस्त त्या स्क्रूवर आहे. बाहेरून मोजण्याची पद्धत मी मुद्दाम निवडली आहे. टाकीला भोक पाडले किंवा आत काही सोडले, तर द्रव दूषित होण्याचा धोका असतो. तांबे, पितळ, जस्त यांना तर डीईएफ खातेच आणि ते विरघळलेले धातू उत्प्रेरकाची हानी करतात. आपल्या टाकीला धातूचे वेष्टण असेल, तर मात्र ही पद्धत चालणार नाही.

जोडणीसाठी वीज राहत्या भागाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे चॅसिसच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा आणि डायोड कन्व्हर्टरच्या आधी लावावा. विजेचा झटका आला तरी तो दाब साधारण 39 व्होल्टच्या आसपास रोखतो आणि एलएम2596 ची मर्यादा 40 व्होल्टची आहे. बसच्या चॅसिसवरील 24 व्होल्टच्या गाड्यांना हे आकडे लागू नाहीत. पातळीच्या सेन्सरची तपकिरी तार 5 व्होल्टला, निळी ग्राउंडला आणि पिवळी नॅनोच्या पिनेला जोडावी, आणि प्रत्येक पिवळ्या तारेपासून ग्राउंडला 10 किलोओहमचा रोधक द्यावा. संकेत सरळ की उलट हे ठरवणारी काळी तार अशी ठेवावी की द्रव असताना संकेत उच्च राहील. यामागचा विचार असा की तार तुटली तर उपकरण ‘रिकामे’ म्हणेल आणि आपण जाऊन पाहू. तुटलेली तार ‘भरलेले’ म्हणू लागली तर ते उपकरण नसलेलेच बरे. तापमान सेन्सरच्या संकेत-तारेला 5 व्होल्टकडे 4.7 किलोओहमचा रोधक हवा.

प्रोग्राम लहान असला तरी त्यात तीन शहाणपणाच्या गोष्टी असाव्यात. एक, धावत्या गाडीत द्रव हिंदकळतो, म्हणून संकेत सलग 30 सेकंद टिकल्याशिवाय पडद्यावरचा आकडा बदलू नये. दुसरी, वरचा सेन्सर ‘ओला’ आणि खालचा ‘कोरडा’ सांगत असेल तर ते अशक्य आहे, तेव्हा पातळी न दाखवता ‘तपासा’ असे लिहावे. तिसरी, डीएस18बी20 चा संपर्क तुटला की तो वाचणारी प्रचलित लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) उणे 127 हा आकडा देते आणि वीज आल्या आल्या मोजणी होण्यापूर्वी 85 दाखवते. हे दोन्ही आकडे तापमान म्हणून नव्हे तर बिघाड म्हणून वाचावेत.

आता चाचणी, आणि घाई नेमकी येथेच नडते. डीईएफचा 20 लिटरचा रिकामा कॅन धुऊन त्यावर तिन्ही सेन्सर वेगवेगळ्या उंचीवर नायलॉनच्या पट्ट्याने बांधावेत. या प्लास्टिकवर दुहेरी टेप नीट धरत नाही, आणि धातूचा पट्टा सेन्सरला फसवतो. मापाच्या भांड्याने अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत कोणता सेन्सर किती लिटरला जागा झाला ते लिहून ठेवावे, मग तितक्याच सावकाश पाणी काढताना तो कधी विझला तेही लिहावे. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. फरक अर्ध्या लिटरहून अधिक असेल तर स्क्रू किंचित फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजावे. त्यानंतर हीच चाचणी खऱ्या डीईएफने करावी, कारण कॅनच्या आतल्या भिंतीला चिकटून राहणारा पातळ थर सेन्सरला ‘अजून भरलेले’ असे भासवू शकतो. मला तिसऱ्या फेरीत एक सेन्सर कॅन रिकामा झाल्यावरही पेटलेला सापडला. पाण्याच्या चाचणीत तो निर्दोष ठरला होता. तापमानासाठी पेल्यात ठेचलेला बर्फ व थोडे पाणी घेऊन ढवळावे. सेन्सरने शून्याच्या अर्धा अंश अलीकडे-पलीकडे दाखवले तर तो चांगला.

गाडीवर बसवताना सेन्सर टाकीच्या लांबीच्या मध्यावर घ्यावेत, अन्यथा चढावर पुढची बाजू रिकामी आणि उतारावर भरलेली दिसते. सर्वांत खालचा सेन्सर सुमारे पाच लिटर उरतील तेथे असावा. आठ किलोमीटरला एक लिटर डिझेल लागणाऱ्या गाडीत डीईएफचा वापर डिझेलच्या चार टक्के धरला, तर शंभर किलोमीटरला अर्धा लिटर जाते, म्हणजे पाच लिटरमध्ये हजार किलोमीटरची सोय होते. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या नोंदींवरून करावा. डबीचे ग्लँड खालच्या बाजूला हवेत आणि तारेला डबीत शिरण्यापूर्वी खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न जाता झोलावरून गळेल. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सर्किटवर संरक्षक लेप देणे ऐच्छिक समजू नये.

पुढचे दोन आठवडे उपकरणाचा आणि डॅशबोर्डचा आकडा रोज एकाच वेळी, सपाट जागी, गाडी दहा मिनिटे उभी राहिल्यावर वहीत लिहावा. एखादी फेरी बोरघाटातून करावी; 30 सेकंदांचा विलंब पुरतो की वाढवावा लागतो हे तेथेच कळते. डीईएफ भरल्यावर लगेचच्या नोंदीवर विसंबू नये, कारण मूळ सेन्सर बहुधा ध्वनिलहरींवर चालतो आणि द्रवातले बुडबुडे त्याला काही काळ चकवतात.

हे उपकरण प्रत मात्र मोजत नाही. त्यासाठी डीईएफमधील युरियाचे प्रमाण दाखवणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर ठेवावा, डिस्टिल्ड पाण्याने त्याचा शून्य लावावा आणि काचेवर एक थेंब ठेवून वाचन घ्यावे. ते 31.8 ते 33.2 टक्क्यांच्या दरम्यान आले, तर युरियाचे प्रमाण योग्य आहे. साठा 30 अंशांखाली राहिला तर डीईएफ सुमारे वर्षभर टिकते, 35 अंशांवर ही मुदत सहा महिन्यांवर येते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत जादा कॅन ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दोन्ही सेन्सरांचे म्हणणे जुळेनासे झाले, तर प्रथम टॉर्च लावून डोळ्यांनी पातळी पाहावी, मग रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन घ्यावे आणि त्यानंतर बॅटरीचा संबंध तोडून मूळ सेन्सरचा कनेक्टर उघडावा. पांढरे स्फटिक दिसले तर ते खरवडू नयेत. कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापडाने ते विरघळवावेत आणि कनेक्टर पूर्ण कोरडा झाल्यावरच बसवावा. तरीही दिवा विझला नाही, तर गाडी सेवा केंद्रात न्यावी आणि दोन आठवड्यांच्या नोंदींची वही सोबत घ्यावी.