नवतीवरची ‘विष्ठा’ नीट पाहा: लिंबू फुलपाखराची अळी

पाऊस लागला की लिंबू, संत्रा, मोसंबीला नवती (कोवळी पालवी) फुटते आणि काळ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या घिरट्या सुरू होतात. हे लिंबू फुलपाखरू. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी ठिपका असतो. फुलपाखरू फुलांतला मध पितं, पानाला तोंड लावत नाही, म्हणून त्याच्यामागे धावू नका. मादी जिथं क्षणभर टेकली ते कोवळं पान उलटसुलट पाहा. मोहरीएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं.

अंड्यातून तीन ते पाच दिवसांत अळी निघते आणि इथंच नजर फसते. लहान अळी तपकिरी-काळी, अंगावर पांढरे पट्टे, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसूनही ती सुटते ती यामुळेच. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. शंका आली तर काडीने डिवचा: डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पक्षी-मुंग्यांना पळवायचं तिचं हे हत्यार. माणसाला त्याचा त्रास नाही.

खरं नुकसान शेवटच्या एक-दोन अवस्थांत होतं. तेव्हा पानाची फक्त मधली शीर उरते. जुनं झाड हे सोसतं, तिथं फवारणीची घाई मला पटत नाही. रोपवाटिका आणि वर्ष-दोन वर्षांची कलमं मात्र काही दिवसांत निष्पर्ण होतात. त्यामुळे नवती असेपर्यंत आठवड्यातून दोनदा रोपांतून फिरा, अंडी-अळ्या हाताने वेचा. रोपं फार असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्यांना मारणारा जिवाणू) लेबलवरच्या मात्रेत फवारा, तेही अळ्या विष्ठेसारख्या दिसतात तोवरच. बीटी पोटात गेल्यावरच काम करतं आणि उन्हात त्याचा जोर ओसरतो, म्हणून पाऊस नसलेली संध्याकाळ निवडा.

बेल, कढीपत्ता आणि बावचीवरही ही अळी वाढते. रोपवाटिकेच्या कडेला यांतलं काही असेल तर तेही तपासा.

अळ्या वेचताना कोष सापडले तर ते चिरडू नका. काहींच्या आत बारीक परोपजीवी माश्या वाढत असतात. कोष जाळीच्या पिशवीत घालून बागेतच टांगा. जाळी इतकी बारीक हवी की माशी निघेल, फुलपाखरू आत राहील.