भाड्याच्या ट्रॉलीत घरदुरुस्तीचा कोणता मलबा टाकावा?

नागपुरात घराची दुरुस्ती काढली की मलबा उचलण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टिप्पर भाड्याने बोलावला जातो. विटा, काँक्रीटचे तुकडे, प्लास्टर, फुटलेल्या टाइल्स, फरशी आणि खोदलेली माती त्यात निर्धास्तपणे टाकावी. मात्र एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट मलब्याचे वजन चार टनांच्या आसपास भरू शकते. म्हणून ट्रॉली काठोकाठ भरू नये आणि वर ताडपत्री बांधून घ्यावी.

सळ्या, जुन्या चौकटी आणि कूलरचे पत्र्याचे सांगाडे भंगारवाल्याला द्यावेत. कूलरच्या गवताच्या ताट्या मलब्यात मिसळू नयेत.

खरी काळजी पुढच्या वस्तूंची घ्यावी. उरलेला रंग, थिनर, बॅटऱ्या आणि पारा असलेल्या ट्यूबलाइट घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. त्या वेगळ्या बांधून महानगरपालिकेच्या कचरा संकलन कर्मचाऱ्यांकडे वेगळ्याच द्याव्यात. छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन कर्करोगाला कारण होऊ शकतात, म्हणून ते पत्रे न फोडता, पाण्याने ओले करून, अखंड उतरवावेत आणि त्यांच्या विल्हेवाटीबाबत महापालिकेच्या झोन कार्यालयात आधी विचारावे.

गाडी ठरवतानाच मलबा कुठे रिकामा होणार हे चालकाकडून स्पष्ट करून घ्यावे. बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी केंद्राने स्वतंत्र नियम केले असून, नाग नदी किंवा पिवळी नदीच्या काठी ट्रॉली रिकामी करण्यास घरमालकाने ठामपणे नकार द्यावा.