स्कूबा डायव्हिंग कधी थांबवावं, हे कसं ठरवायचं?

स्कूबा डायव्हिंगला वरची वयोमर्यादा नाही. रे वूली या ब्रिटिश डायव्हरने २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या 'झेनोबिया' जहाजापाशी ४० मीटरपेक्षा खोल डायव्ह केली. उलट पन्नाशीतच थांबायला हवं असेही लोक असतात. त्यामुळे जन्मतारखेवरून काही ठरत नाही. अंगात ताकद किती शिल्लक आहे, हे बघायचं. निवांत डायव्हमध्ये ती कळत नाही. प्रवाह फिरला, बोट लांब गेली किंवा बडीची, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराची, हवा संपली की तिचा कस लागतो. म्हणून तपासणी किनाऱ्यावर आणि दरवर्षी करावी. मालवण-तारकर्लीकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं, तोच काळ यासाठी सोयीचा.

आधी दम तपासा

सपाट रस्त्यावर १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चाला किंवा तलावात न थांबता २०० मीटर पोहा. डायव्हिंगआधी भरायच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय प्रश्नावलीत हीच कसोटी दिली आहे. जमलं नाही तर डॉक्टरांनी तपासून होकार देईपर्यंत पाण्यात उतरू नका. जमलं तरी वय ४५ च्या पुढे असेल आणि त्यासोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्याच. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) झाल्यावर 'किती मेट्स आले?' असं विचारा. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तो एक मेट. साधारण १० मेट्स आले तर हाताशी पुरेशी शिल्लक आहे. नेहमीच्या ब्रूस पद्धतीच्या ट्रेडमिलवर त्यासाठी सुमारे ९ मिनिटं टिकावं लागतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीमुळे श्रमात नाडी पुरेशी वाढत नाही आणि दम लवकर संपतो.

हृदयाची एवढी काळजी का? पाण्यात उतरताच पायांतलं अर्धा लिटरच्या वर रक्त छातीकडे सरकतं. तरुण हृदय ते सहज पेलतं. रक्तदाबाने ताठरलेल्या हृदयाला ते जड जातं, फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो आणि तिथे पाणी झिरपू लागतं. गार पाणी, घट्ट वेटसूट, जोराने पोहणं आणि उतरण्याआधी पोटभर पाणी पिणं यांनी धोका वाढतो. खाली असतानाच धाप लागते, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो. बऱ्याच जणांना वाटतं की रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं उपकरण) बिघडला किंवा नाकातोंडात पाणी गेलं, आणि ते डायव्ह चालूच ठेवतात. तसं करू नका. बडीला खूण करून शांतपणे वर या, पाण्याबाहेर निघा, आडवं न होता बसा, ऑक्सिजन घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. हा त्रास पुन्हा होऊ शकतो. एकदा झाला असेल तर आमच्या मते डायव्हिंग तिथेच संपवावं.

मग ओढायची परीक्षा

भरलेला ॲल्युमिनियम सिलिंडर, बीसीडी (हवा भरून तरंगण्याचं जॅकेट) आणि वेट्स (बुडण्यासाठी लावलेली वजनं) मिळून वजन २५ किलोच्या आसपास जातं. शिडी चढता येत नसेल तर पाण्यातच सगळं उतरवून बोटीवर द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण पूर्ण गियर घालून दमलेल्या बडीला २५ मीटर ओढून नेता आलंच पाहिजे. हे प्रत्येकाने पहिल्याच कोर्समध्ये केलेलं असतं. आता ते जमत नसेल तर तुमच्यासोबतचा माणूस खरं तर एकटाच डायव्ह करतोय. मग त्याला तसं सांगा आणि वेगळा डायव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षित डायव्ह गाइड, सोबत घ्या.

त्याच दिवशी हातही पाहा. संधिवाताच्या बोटांनी वेट बेल्टचं बक्कल एका झटक्यात सुटतं का? गेजवरचा (उरलेली हवा दाखवणाऱ्या मापकावरचा) आकडा दिसत नसेल तर चाळिशीची भिंग मास्कच्या काचेला आतून चिकटवून मिळतात. हा प्रश्न सोपा आहे.

लॉगबुक काय सांगतं

हवा किती लागते ते दरवर्षी त्याच प्रकारच्या डायव्हवर मोजा. समजा १० मीटरवर १० मिनिटांत ११ लिटरच्या सिलिंडरमधले ४० बार (बार हे दाबाचं एकक) गेले. ४० गुणिले ११ म्हणजे ४४० लिटर, म्हणजे मिनिटाला ४४. त्या खोलीवर दाब २ बार असतो, म्हणून पृष्ठभागाच्या हिशेबाने २२ लिटर. हा आकडा दोन-तीन सीझन सलग चढत असेल तर व्यायाम कमी पडतोय, वजन वाढलंय किंवा हृदय-फुफ्फुसांत काहीतरी बदललंय.

चुकाही लिहा: व्हॉल्व्ह नीट न उघडता उतरणं, गेज पाहायला विसरणं, ठरल्यापेक्षा खोल जाणं. एका सीझनमध्ये अशा दोन झाल्या तर जुन्या बडीला विचारा, 'तुझ्या मुलीला माझ्यासोबत खाली पाठवशील?' तो क्षणभर थबकला तरी ते गंभीरपणे घ्या.

कमी करणं आणि थांबणं

या तपासण्यांत थोडं कमी पडलात आणि डॉक्टरांचा होकार असेल, तर मर्यादा आखून घ्या. खोली १८ मीटरपर्यंत, प्रवाह नको, दिवसाला एक-दोनच डायव्ह. ३२ टक्के नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजन असलेलं, म्हणून कमी नायट्रोजनचं मिश्रण) घेऊन डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र, साध्या हवेच्या सेटिंगवर ठेवा, म्हणजे शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनच्या बाबतीत जास्त सवलत मिळते. वर येताना ५ मीटरवर नेहमीच्या ३ ऐवजी ५ मिनिटं थांबा. लागोपाठ डायव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या.

पूर्ण थांबायच्या खुणा वेगळ्या: फुफ्फुसाभोवती आपोआप हवा साठण्याचा प्रसंग आधी आला असेल, डायव्हमध्ये छातीत दुखलं किंवा भोवळ आली आणि डॉक्टरांनी मनाई केली, किंवा इन्सुलिन चालू असताना साखर उतरल्याचं स्वतःला कळेनासं झालं. आणखी एक खूण फक्त तुम्हालाच दिसते. वैद्यकीय फॉर्मवर खोटं 'नाही' लिहावंसं वाटलं, तर त्या दिवशी फॉर्म परत करा.

थांबल्यावर बरेच जण स्नॉर्केलिंगकडे वळतात. दाबाचे त्रास तिथे जवळपास नसतात, पण रक्त छातीकडे तसंच सरकतं, हृदयावर ताण तसाच येतो. म्हणून लाइफ जॅकेट घाला, भरती-ओहोटीची वेळ विचारून उतरा, प्रवाहाविरुद्ध पोहू नका आणि धाप लागली की लगेच बाहेर या.