एलईडी आणि बटण थेट रजिस्टरमधून कसे चालवावे

आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर तयार फंक्शन वापरलं की एलईडी लागतो, पण चिपला ते फंक्शन ठाऊक नसतं. तिला कळतात ती रजिस्टरं: ठरावीक पत्त्यावरचे आठ बिट (प्रत्येक ० किंवा १), आणि एकेक बिट एकेका पिनशी जोडलेला.

उनो आर३ वरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये पिना बी, सी आणि डी या पोर्टांत वाटलेल्या आहेत. प्रत्येक पोर्टाला तीन रजिस्टरं. डीडीआर दिशा ठरवतं: ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट. आउटपुट पिनवर काय पाठवायचं ते पोर्ट रजिस्टरमध्ये लिहायचं. आणि पिनवर या क्षणी काय आहे ते पिन रजिस्टरमधून वाचायचं.

आधी एलईडी. बोर्डावरचा एलईडी १३ नंबरच्या पिनला जोडलेला आहे. ही पिन म्हणजे पोर्ट बीचा बिट ५ (मोजणी ० पासून). प्रोग्रॅममध्ये रजिस्टरांची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत (DDRB, PORTB, PINB) आणि आकडेही इंग्रजीत लिहा.

डीडीआरबी |= (१ << ५);
पोर्टबी |= (१ << ५);

१ पाच घरं डावीकडे सरकवला की ००१०००००, म्हणजे ३२ होतो. |= मुळे फक्त तोच बिट १ होतो, बाकीचे तसेच राहतात. मग सरळ ‘पोर्टबी = ३२’ का नाही लिहायचं? कारण त्याने बाकीचे सातही बिट शून्य होतात. ८ नंबरच्या पिनवर (त्याच पोर्टाचा बिट ०) रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू असेल, तर एलईडी लावताना तो बंद पडेल. आपल्या बिटापुरतंच लिहायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. एलईडी विझवायला, म्हणजे फक्त तोच बिट ० करायला:

पोर्टबी &= ~(१ << ५);

नुसता उलटवायचा असेल तर ‘पिनबी = (१ << ५);’ पुरतं. या चिपमध्ये पिन रजिस्टरवर १ लिहिला की तो आउटपुट उलटतो आणि ० लिहिल्याने काहीच होत नाही, म्हणून इथे साधं बरोबरीचं चिन्ह चालतं.

आता बटण. ते २ नंबरची पिन (पोर्ट डी, बिट २) आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडा.

डीडीआरडी &= ~(१ << २);
पोर्टडी |= (१ << २);

पिन इनपुट असताना पोर्टमध्ये १ लिहिला की आतला पुल-अप रेझिस्टर (पिनला १ कडे ओढून धरणारा) चालू होतो, साधारण २० ते ५० किलोओहमचा. तो नसेल तर सोडलेल्या बटणाची पिन अधांतरी राहते, जवळ हात नेला तरी वाचन बदलतं.

पुल-अपमुळे बटण सोडलेलं असताना १ आणि दाबल्यावर ० मिळतो. वाचायचं मात्र पिनडी, पोर्टडी नव्हे. पोर्टडी वाचलं तर आपणच लिहिलेला १ परत येतो, बटण कितीही दाबा. वायरिंग दहादा तपासूनही बटण ‘मेलेलं’ वाटत असेल, तर आधी बटण वाचणारी ओळ बघा.

पोर्ट डीचे बिट ० आणि १ सीरियल संपर्कासाठी, तर पोर्ट बीचे ६ आणि ७ चिपला ठोके देणाऱ्या क्रिस्टलसाठी लागतात, त्यांना हात लावू नका. पिनमधून ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा आहे, २० च्या आत राहा.

बिटाचा नंबर कायम असेल, तर कंपायलर |= चं एकच इन्स्ट्रक्शन करतो: १६ मेगाहर्ट्झला १२५ नॅनोसेकंद. नंबर व्हेरिएबलमध्ये ठेवला तर वाचणं, बदलणं, लिहिणं अशा वेगळ्या पायऱ्या होतात. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरा कोड चालवणारा संकेत) आला आणि त्यानेही तेच पोर्ट बदललं, तर त्याचा बदल पुसला जातो. अशा ठिकाणी लिहिण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा.